दहशतवाद, कामगारवर्गीय नेतृत्व आणि नकाराचा अधिकार : दोन रशियन कादंबऱ्यांच्या आधारे एक विचार

१

क्रांतिकारी समाजवादाच्या इतिहासात जो वाद पुन्हापुन्हा उद्भवला, तो साधनांचा वाद आहे. अन्यायी सत्तेच्या प्रमुखांना ठार मारून ती सत्ता खिळखिळी करावयाची, की श्रमिकांच्या व्यापक संघटनेतून आणि संपासारख्या सामूहिक कृतीतून तिचा पाया उखडावयाचा, असा हा प्रश्न आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. प्रत्येक राजकीय मार्ग आपल्याला अनुरूप असे कथनरूप शोधतो, आणि त्या कथनरूपात त्या मार्गाची बलस्थाने व उणिवा अनेकदा जाहीरनाम्यापेक्षा अधिक स्पष्टपणे उमटतात. प्रस्तुत लेखात बोरिस साविंकोव्हची 'फिकट घोडा' (१९०९) आणि मॅक्सिम गॉर्कीची 'आई' (१९०६-०७) या दोन कादंबऱ्यांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

आरंभी संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'दहशतवाद' हा शब्द आज प्रामुख्याने निरपराध नागरिकांच्या सरसकट हत्येसाठी वापरला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे रशियन क्रांतिकारक तो शब्द स्वतःविषयी वापरीत, आणि त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ मर्यादित होता : झार, मंत्री, गव्हर्नर, पोलीस अधिकारी अशा निवडक व्यक्तींची राजकीय हेतूने हत्या. येथे हा शब्द त्याच अर्थाने योजला आहे. तसेच रशियातील घटनांच्या १९१८पूर्वीच्या तारखा तेथील जुन्या पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत.

२

या वादाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १८७४च्या सुमारास शेकडो सुशिक्षित तरुण शेतकऱ्यांत जागृती करण्यासाठी रशियाच्या खेड्यांत गेले. शेतकऱ्यांनी त्यांना फारसा प्रतिसाद दिला नाही. पोलिसांनी मात्र मोठ्या प्रमाणावर धरपकड केली. या अपयशातून दोन निष्कर्ष निघाले. जानेवारी १८७८मध्ये व्हेरा झासुलिच हिने पीटर्सबर्गचा गव्हर्नर त्रेपोव्ह याच्यावर गोळी झाडली आणि ज्यूरीने तिला निर्दोष सोडले. त्यानंतर एका गटाला पिस्तूल व बॉम्ब हेच परिणामकारक साधन वाटू लागले. १८७९मध्ये 'भूमी आणि स्वातंत्र्य' ही संघटना दुभंगली. एका बाजूला 'लोकेच्छा' हा दहशतवादी पक्ष उभा राहिला. दुसऱ्या बाजूला प्लेखानोव्हचा गट बाहेर पडला आणि १८८३मध्ये जिनिव्हात त्याने रशियन मार्क्सवाद्यांची पहिली संघटना स्थापन केली. विशेष म्हणजे झासुलिच स्वतः प्लेखानोव्हच्या बाजूला गेली आणि पुढे दहशतवादाची टीकाकार बनली.

१ मार्च १८८१ रोजी 'लोकेच्छा'ने झार दुसरा अलेक्झांडर याला ठार केले. झेल्याबोव्ह, सोफिया पेरोव्स्काया यांच्यासह पाच जणांना फाशी झाले. हत्येच्या पाठोपाठ लोकांचा उठाव होईल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. उठाव झाला नाही, राज्यघटना मिळाली नाही, आणि तिसऱ्या अलेक्झांडरच्या राजवटीत दडपशाही अधिक कडक झाली. १८८७मध्ये या झारच्या हत्येचा कट केल्याबद्दल लेनिनचा थोरला भाऊ अलेक्झांडर उल्यानोव्ह फासावर गेला. संघटनेचे नाव 'लोकेच्छा', परंतु लोकांची इच्छा जाणून घेण्याची कोणतीही यंत्रणा तिच्याजवळ नव्हती, हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हीच परंपरा समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या 'लढाऊ संघटने'ने पुढे चालविली. १९०२मध्ये गृहमंत्री सिप्यागिन याची हत्या झाली, तेव्हा लेनिनने या मार्गावर कठोर टीका केली. तिचा आशय असा, की अशा द्वंद्वयुद्धांनी क्षणभर खळबळ उडते, परंतु लोक पुढच्या द्वंद्वाची वाट पाहत निष्क्रिय बसतात. १९११मध्ये त्रॉत्स्कीने हाच मुद्दा अधिक नेमकेपणाने मांडला. त्याचा आक्षेप केवळ नैतिक नव्हता. वैयक्तिक दहशतवादामुळे जनतेच्या स्वतःच्याच नजरेत तिची भूमिका क्षुद्र होते आणि तिचे डोळे कुणा येणाऱ्या सूड उगविणाऱ्या उद्धारकर्त्याकडे लागतात, असे त्याचे म्हणणे होते. मारलेल्या मंत्र्याची जागा लगेच दुसरा घेतो. उलट लहानसा संपदेखील कामगाराला आपल्या सामर्थ्याची ओळख करून देतो.

इतिहासाने या युक्तिवादाला काही प्रमाणात पुष्टी दिली. जुलै १९०४मध्ये गृहमंत्री प्लेव्हे याची आणि फेब्रुवारी १९०५मध्ये ग्रँड ड्यूक सर्गेई याची हत्या झाली. या दोन्ही कटांच्या आखणीत साविंकोव्हचा प्रमुख वाटा होता. परंतु १७ ऑक्टोबर १९०५चा जाहीरनामा झारला काढावा लागला तो देशव्यापी सार्वत्रिक संपामुळे. त्याच महिन्यात पीटर्सबर्गमध्ये कामगार प्रतिनिधींची सोव्हिएत स्थापन झाली. साधारणपणे पाचशे कामगारांमागे एक प्रतिनिधी, असे तिचे स्वरूप होते. नेत्याला निवडण्याची आणि म्हणून नाकारण्याचीही सोय असलेली ही संस्था कामगारांच्या स्वतःच्या गरजेतून निर्माण झाली होती.

३

'फिकट घोडा' ही कादंबरी जानेवारी १९०९मध्ये रोप्शिन या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. ती रोजनिशीच्या रूपात आहे. निवेदक जॉर्ज हा एका दहशतवादी गटाचा प्रमुख असून इंग्रज प्रवाशाच्या नावाने तो शहरात वावरतो. गव्हर्नरची हत्या हे गटाचे उद्दिष्ट. गटात मोजकीच माणसे आहेत : हत्येला पाप मानूनही ख्रिस्ताच्या प्रेमासाठी ते पाप शिरावर घेऊ पाहणारा वान्या, श्रीमंतांविषयी जळता द्वेष बाळगणारा, कामगारवर्गातून आलेला फ्योदोर, विद्यार्थीदशेतून आलेला हाइनरिख, आणि बॉम्ब तयार करणारी, जॉर्जवर प्रेम करणारी एर्ना. ही माणसे घोडागाडीवाल्यांच्या वेषात रस्त्यांवर उभी राहून गव्हर्नरच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपतात. एक प्रयत्न फसतो आणि त्यात फ्योदोर जिवानिशी जातो. अखेर वान्याच्या बॉम्बने गव्हर्नर मरतो आणि वान्या फासावर चढतो.

या कथनाच्या रूपाकडे नीट पाहिले पाहिजे. रोजनिशीचा 'मी', तुटक वाक्ये, शहरातील रस्ते, वाट पाहणे, पुन्हा वाट पाहणे. शहर माणसांनी भरलेले आहे, परंतु ती माणसे या कथनात केवळ गर्दी म्हणून येतात. त्यांचा उपयोग लपण्यापुरता आहे. ज्या लोकांच्या मुक्तीसाठी हा सारा खटाटोप चालला आहे, त्यांच्यापैकी कोणीही या गटाला एकही प्रश्न विचारीत नाही. विचारूही शकत नाही, कारण गुप्तता ही या कृतीची अटच आहे. फ्योदोर कामगारवर्गातून आलेला असला, तरी तो येथे कामगारांचा प्रतिनिधी म्हणून येत नाही. आपला द्वेष घेऊन तो एकटाच आलेला असतो.

म्हणूनच येथील अपयशाचे स्वरूप तांत्रिक आहे. गाडी दुसऱ्या रस्त्याने गेली, बॉम्बचा परिणाम झाला नाही, पोलिसांना सुगावा लागला. अशा अपयशातून शिकावयाचे ते तंत्र. आपला मार्ग चुकला काय, हा प्रश्न त्यातून निर्माण होऊ शकत नाही, कारण तो उपस्थित करणारा कोणी बाहेरचा आवाजच कथनात नाही. परिणामी 'का मारावयाचे?' हा प्रश्न परत फिरून जॉर्जच्या मनावरच आदळत राहतो. वान्याजवळ त्याचे श्रद्धेतून आलेले उत्तर आहे. जॉर्जजवळ काहीच नाही. कादंबरीच्या उत्तरार्धात तो आपल्या प्रेयसीच्या पतीला ठार मारतो, आणि गव्हर्नरला मारणे व या माणसाला मारणे यांत भेद कोणता, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. पहिली हत्या लोकांसाठी होती असे म्हणावे, तर त्या लोकांची संमती कधी घेतलेलीच नव्हती. अखेरीस त्याला स्वतःचा जीवही निरर्थक वाटू लागतो.

साविंकोव्हच्या सहकाऱ्यांना ही कादंबरी आपली बदनामी वाटली, यात नवल नाही. परंतु तिचे मोठेपण याच प्रामाणिकपणात आहे. ज्या वेळी ती प्रसिद्ध झाली, त्याच सुमारास लढाऊ संघटनेचा प्रमुख येव्हनो आझेफ हा वर्षानुवर्षे पोलिसांचा पगारी हस्तक होता, हे उघड झाले. प्लेव्हेच्या हत्येचे संयोजन करणारा हाच मनुष्य आपल्या साथीदारांना पोलिसांच्या स्वाधीनही करीत होता. पोलिसांचे हस्तक जनसंघटनांतही शिरले होते. बोल्शेविकांचा ड्यूमातील प्रतिनिधी मालिनोव्स्की हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु मूठभर माणसांच्या बंद संघटनेत एका आझेफच्या हाती सर्वांचे प्राण जातात. ज्याला कोणालाच हिशेब द्यावा लागत नाही, त्याचा विश्वासघात कोणाच्याच लक्षात येत नाही.

४

गॉर्कीने 'आई' ही कादंबरी १९०६मध्ये, पहिल्या रशियन क्रांतीचा पराभव होत असताना लिहिली. १९०२मध्ये सोर्मोव्हो येथील कामगारांनी काढलेली मे दिनाची मिरवणूक आणि तीत अटक झालेला प्योत्र झालोमोव्ह व त्याची आई ही तिची वास्तव प्रेरणा. पावेल व्लासोव्ह या तरुण कामगाराची आई निलोव्ना हिच्या दृष्टीतून कथा पुढे सरकते. दारुड्या नवऱ्याचा मार खात आयुष्य काढलेली ही स्त्री आरंभी भीतीने मुलाच्या पुस्तकांकडे पाहते; शेवटी मुलाच्या न्यायालयातील भाषणाच्या छापील प्रती वाटताना ती स्टेशनवर पकडली जाते.

या कादंबरीचा सारांश सामान्यतः अशाच चढत्या क्रमाने सांगितला जातो, आणि त्यामुळे तिच्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग दुर्लक्षित राहतो. कारखान्याभोवतीच्या दलदलीचा निचरा करण्यासाठी संचालक प्रत्येक रूबलमागे एक कोपेक पगारातून कापण्याचे ठरवतो. पावेल लोखंडाच्या ढिगावर उभा राहून कामगारांसमोर भाषण करतो, संचालकाला जाब विचारतो आणि काम थांबविण्याचे आवाहन करतो. कामगार ऐकतात आणि पांगतात. संप होत नाही. त्याच रात्री पावेलला अटक होते. तत्पूर्वी रीबिन हा वयाने मोठा कामगार त्याला स्पष्टपणे सांगतो, की तू चांगले बोललास, पण ते लोकांच्या काळजापर्यंत पोहोचले नाही. लोकांचा आपल्यावर विश्वास बसला नाही, हे पावेललाही कळते.

या प्रसंगाची तुलना 'फिकट घोडा'तील फसलेल्या प्रयत्नाशी करावी. तेथे बॉम्ब फसला. येथे भाषण फसले. परंतु भाषण फसण्याचा अर्थ असा, की ज्यांच्यासाठी ते केले त्यांनी नकार दिला. त्या नकारात अज्ञान असेल, भीती असेल, किंवा पोटापाण्याचा शहाणा हिशेबही असेल. पण तो त्यांचा स्वतःचा आहे आणि नेत्याला तो मानावा लागतो. येथून कादंबरी वळण घेते. पावेल तुरुंगात असताना आई जेवण विकणारीच्या वेषात पत्रके कारखान्यात नेते. वीरपुरुषाच्या भाषणाने जे झाले नाही, ते दररोजच्या, कष्टाच्या, निनावी कामातून घडू लागते. पुढे मे दिनाच्या मिरवणुकीतही सैनिक पुढे सरकताच गर्दी ओसरते आणि झेंड्याभोवती थोडेच उरतात. गॉर्की ही ओहोटी झाकत नाही.

वैयक्तिक हत्येचा प्रश्नही कादंबरीत एकदा थेट उपस्थित होतो. कारखान्यातील हजेरीकारकून व पोलिसांचा खबऱ्या इसाय याचा खून होतो. खुनाने चळवळीला काहीच मिळत नाही. परंतु आंद्रेई या सहृदय कार्यकर्त्याचे मन त्यामुळे पोखरले जाते. त्याने खून केलेला नाही, पण तो घडणार हे जाणवूनही थांबविला नाही, ही टोचणी त्याला सोडत नाही. येथे गॉर्की उपदेश करीत नाही. 'फिकट घोडा'त केंद्रस्थानी असलेली कृती येथे एका कोपऱ्यात घडते आणि तिचा भार मात्र माणसांना वाहावा लागतो, एवढेच तो दाखवितो.

येथपर्यंत 'आई' ही जननेतृत्वाची समर्थ कादंबरी आहे. परंतु तिच्या दुसऱ्या भागाविषयी तेवढ्या निःशंकपणे बोलता येत नाही. आई शहरात राहावयास जाते आणि कारखाना दृष्टिआड होतो. कार्यकर्ते आता अधिकाधिक संतांसारखे बोलू लागतात. त्यांच्या म्हणण्याला हरकत घेणारा कामगार क्वचितच भेटतो. न्यायालयातील पावेल हा ढिगावर उभ्या असलेल्या पावेलपेक्षा अधिक तेजस्वी आहे आणि कमी जिवंत आहे. ज्या क्षणी कामगारांचा नकार कथनातून मावळतो, त्या क्षणी जननेता पुन्हा वीरपुरुष बनतो. १९३४च्या सोव्हिएत लेखक परिषदेनंतर समाजवादी वास्तववादाचा आदर्श म्हणून ही कादंबरी पुढे करण्यात आली, तेव्हा अनुकरण झाले ते प्रामुख्याने याच उत्तरार्धाचे, दलदलीच्या कोपेकचे नव्हे.

५

या दोन वाचनांतून एक कसोटी हाती येते. ज्यांच्या नावाने लढा चालतो, त्यांना 'नाही' म्हणण्याची जागा आहे काय? दहशतवादी राजकारणात ती जागा रचनेतच नाही. कामगारवर्गीय नेतृत्वाच्या राजकारणात ती असू शकते. परंतु ती आपोआप टिकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दहशतवादाचे हे दोन समर्थ टीकाकार सत्तेवर आल्यावर काय घडले, याचा विसर पडू देता कामा नये. ३० ऑगस्ट १९१८ रोजी लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सप्टेंबरात शासनाने 'लाल दहशत' अधिकृतपणे जाहीर केली. मार्च १९२१मध्ये क्रोनश्टाटच्या नाविकांनी मुक्त निवडणुकीने सोव्हिएती पुन्हा बनविण्याची मागणी केली, तेव्हा तो उठाव लष्करी बळाने चिरडला गेला. त्या वेळी त्रॉत्स्की युद्धमंत्री होता. जनतेला तिच्याच नजरेत क्षुद्र करणे हा जो आरोप त्याने बॉम्बफेक्यांवर केला होता, तो येथे शासनसंस्थेला लागू पडतो. अर्थात त्यामुळे १९११चा युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो युक्तिवाद मांडणाऱ्यांनाही त्यातून सूट नाही, इतकेच सिद्ध होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात या विवेचनाला प्रत्यक्ष आधार आहे, कारण रशियातील हे दोन्ही मार्ग १९०८च्या सुमारास आपल्या इतिहासाला स्पर्श करून गेले. पां. म. ऊर्फ सेनापती बापट यांनी पॅरिसमधील रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळविली आणि तिच्या प्रती हिंदुस्थानात आल्या. त्याच वर्षी मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि तिच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी जुलैमध्ये सहा दिवस संप केला. बॉम्बवरील लेखांच्या खटल्यातून सामूहिक संप उभा राहिला, आणि दूर असलेल्या लेनिनने त्याची दखल घेऊन भारतीय कामगारवर्ग राजकीय लढ्यात उतरल्याचे लिहिले.

पुढे १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप चालला. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकले, ते ज्या विधेयकांच्या निषेधार्थ, त्यांपैकी एक कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणारे औद्योगिक कलह विधेयक होते. हे बॉम्ब कोणाला मारण्यासाठी नव्हते. कृतीचे रूप जुने असले, तरी तिची दृष्टी कामगारांकडे वळली होती. फेब्रुवारी १९३१मध्ये तुरुंगातून तरुण कार्यकर्त्यांना उद्देशून लिहिलेल्या मजकुरात भगतसिंगांनी आपण दहशतवादी नसल्याचे सांगून खरे क्रांतिकारी सैन्य खेड्यांत व कारखान्यांत आहे, असे प्रतिपादन केले. साविंकोव्हचा जॉर्ज जेथे पोहोचू शकला नाही, तेथे हा तेवीस वर्षांचा तरुण पोहोचला होता.

परंतु कारखान्यातील ते सैन्य एकसंध नव्हते. १९२८च्या त्याच संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न नेतृत्वापुढे ठेवला. विणकामाच्या खात्यात, जेथे वेतन अधिक होते, तेथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यात नवे सूत भरताना त्याचे टोक तोंडाने ओढावे लागे. तो धोटा अस्पृश्याने हाताळू नये, असा सवर्ण विणकरांचा आग्रह होता. ही बंदी उठविण्याची मागणी संपाच्या मागण्यांत नसेल, तर अस्पृश्य कामगारांनी संपात का यावे, हा आंबेडकरांचा प्रश्न होता. दलदलीच्या कोपेकच्या प्रसंगी कामगारांनी दिलेल्या नकारापेक्षा हा नकार अधिक सजग होता; त्यामागे जागृत माणसांचा न्यायाचा हिशेब होता. १९२९च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला. आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र आले. 'नाही' म्हणण्याचे सामर्थ्य ज्यांनी सिद्ध केले होते, त्यांच्या 'होय'ला त्या दिवशी वजन होते.

मराठीत गिरणी कामगाराच्या जीवनावर मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीपासून अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांच्यापर्यंत विपुल लेखन झाले आहे. या लेखनाचे अध्यापन करताना आपण बहुधा दोनच प्रश्न विचारतो : शोषणाचे चित्रण किती वास्तव आहे, आणि लेखकाची बांधिलकी कोणती आहे. त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर घालावी, असे या विवेचनाच्या आधारे सुचवावेसे वाटते. या कथनात कामगार आपल्या नेत्याला, आपल्या कैवाऱ्याला, प्रसंगी आपल्या लेखकालाही नकार देऊ शकतो काय? जेथे देऊ शकतो, तेथे तो माणूस म्हणून उभा आहे. जेथे देऊ शकत नाही, तेथे हातात बॉम्ब असो वा झेंडा, तो दुसऱ्याच्या कथेतील गर्दीचा भाग आहे.